‘स्ट्रिंग्ज’ नावाचं वाद्य नसतं

तुमच्या लॅपटॉपवर संगीताचं कुठलंही सॉफ्टवेअर असेल, तर त्यातल्या वाद्यांच्या यादीत ‘स्ट्रिंग्ज’ किंवा ‘स्ट्रिंग एन्सेम्बल’ नक्की सापडेल. तो आवाज निवडा, कीबोर्डवर तीन बोटं ठेवा, की खोलीत एकदम सिनेमा सुरू झाल्यासारखं वाटतं. आता एखाद्या खऱ्या ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमाला जा आणि मंचावर ‘स्ट्रिंग्ज’ वाजवणारा माणूस मला शोधून दाखवा. सापडणार नाही. तिथे पहिली व्हायोलिनं असतात, दुसरी व्हायोलिनं असतात, व्हायोला, चेलो आणि डबल बास असतात. पाच गट, आणि प्रत्येक गटाच्या स्टँडवर वेगळा कागद. ‘स्ट्रिंग्ज’ हे वाद्य फक्त सॉफ्टवेअरच्या यादीत असतं, आणि त्या यादीने आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाईट सवय लावली आहे.

परदेशातल्या मराठी घरांत रात्री हेडफोन लावून संगीत करणारे थोडेथोडके नाहीत. दिवसा आयटी किंवा बँक, रात्री मंडळाच्या एकांकिकेचं पार्श्वसंगीत, मुलांच्या नाचाचा ट्रॅक, कुणाच्या कवितेला लावलेली चाल. मीही त्यातलाच. साठ वादक बोलावणं कुणालाच परवडत नाही, म्हणून आपण सॅम्पल वापरतो. खऱ्या वादकांकडून एकेक सूर हळू, जोरात, लांब, तुटक असा वाजवून घेतलेला असतो. तो ध्वनिमुद्रित करून ठेवतात आणि आपण कळ दाबली की तो वाजतो. अशा मुद्रणांच्या संचाला लायब्ररी म्हणतात. तंतुवाद्यांच्या लायब्रऱ्या साधारण दोन तऱ्हेच्या. एका तऱ्हेत सगळा ताफा एकाच पॅचमध्ये भरलेला असतो: खालच्या कळांवर बास आणि चेलो, वरच्या कळांवर व्हायोलिनं, मधे सरमिसळ. हे एन्सेम्बल. दुसऱ्या तऱ्हेत पाचही गट वेगवेगळे मिळतात, म्हणजे सेक्शन्स.

यातलं काय घ्यावं, असं मला दर काही महिन्यांनी कोणीतरी विचारतं. बहुतेकांचं उत्तर आधीच ठरलेलं असतं: ‘एन्सेम्बलच पुरे ना? आपल्याला कुठे सिंफनी लिहायची आहे!’

माझं उत्तर स्पष्ट आहे. सेक्शन्स घ्या. सिंफनी लिहायची नसेल तर जास्तच घ्या. एन्सेम्बल हे नवशिक्यांसाठी आणि सेक्शन्स तज्ज्ञांसाठी, ही समजूत मला उलटी वाटते. ज्याला पाच ओळी डोक्यात ऐकू येतात तो एन्सेम्बलवरही सांभाळून घेतो. ज्याला अजून ऐकू येत नाहीत, त्याला एन्सेम्बल त्या कधीच ऐकू देत नाही.

हे बटण आलं कुठून, ते आधी पाहू. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन नावाचं वाद्य निघालं. त्यात प्रत्येक कळीखाली टेपची एक पट्टी असे आणि कळ दाबली की सुमारे आठ सेकंद ती वाजे. तिचा गाजलेला आवाज होता तीन व्हायोलिनांचा. पुढे इलेक्ट्रॉनिक ‘स्ट्रिंग मशीन’ आली, मग डिजिटल सॅम्पलर आले, आणि १९९१ मध्ये जनरल मिडी नावाचं मानक ठरलं. १२८ आवाजांची ती यादी आजही अनेक कीबोर्डांत त्याच क्रमाने आहे. ती नीट वाचा. ४१ वर व्हायोलिन, ४२ वर व्हायोला, ४३ वर चेलो, ४४ वर डबल बास. हे सगळे एकेकटे. मग ४९ आणि ५० वर ‘स्ट्रिंग एन्सेम्बल’. म्हणजे एकटा वादक आहे आणि सगळा जमाव आहे, पण ज्यांच्यावर ऑर्केस्ट्रा उभा असतो ते गट कुठेच नाहीत. सोळा जणांनी मिळून एक ओळ वाजवणारं व्हायोलिन सेक्शन त्या यादीत नाही. मेमरी महाग होती, त्या काळची ती तडजोड होती, आणि त्या काळापुरती ती रास्तही होती. पण मेमरी स्वस्त झाली तरी आपले कान तिथेच राहिले.

आता हिशेब करू. मोठ्या सिंफनी ऑर्केस्ट्रात तंतुवादकांची नेहमीची संख्या १६, १४, १२, १० आणि ८, एकूण ६०. पहिली आणि दुसरी मिळून ३० व्हायोलिनं. संगीतकाराला त्यांच्याकडून तीन सुरांचा कॉर्ड हवा असेल तर ती तीस माणसं वाटली जातात, प्रत्येक सुराला दहा. याला डिव्हिझी म्हणतात. सूर वाढतात तशी प्रत्येक सुरामागची माणसं कमी होतात आणि आवाज पातळ, नाजूक होत जातो. एन्सेम्बल पॅचमध्ये याच्या बरोबर उलटं होतं. पॅचच्या वरच्या कळांवर तीस व्हायोलिनांचं मुद्रण असेल, तर एक कळ म्हणजे तीस, दोन कळा म्हणजे साठ, तीन कळा म्हणजे नव्वद व्हायोलिनं. डाव्या हाताने आणखी दोन सूर धरले की असा ताफा तयार होतो जो जगातल्या कुठल्याही मंचावर मावणार नाही. म्हणून तो आवाज पहिल्या चार सेकंदांत भव्य वाटतो आणि चाळिसाव्या सेकंदाला कंटाळा आणतो. आणि म्हणूनच त्याच्याखाली नटाचं वाक्य बुडतं. मग आपण काय करतो, तर आवाज कमी करतो. आता तो हळू वाजणारा जमाव होतो, पण जमावच राहतो. तीन माणसांची कुजबुज त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. पेटीच्या मधल्या सप्तकातली पांढरी तीन घ्या, सुमारे ३३० हर्ट्झचा सूर. हा सूर व्हायोलिनवर खालच्या बाजूला येतो. तिथे व्हायोलिन शांत असतं, घरात बसून बोलल्यासारखं. हाच सूर व्हायोलावर थोडा करडा, थोडा नाकातला येतो. व्हायोला व्हायोलिनपेक्षा पाच सूर खाली लागतो, पण त्याचं अंग त्या मानाने फारच थोडं मोठं असतं, त्यामुळे त्याचा आवाज सदा थोडा अडखळल्यासारखा, आणि तीच त्याची खुमारी आहे. तोच सूर चेलोवर घ्या. चेलोची खालची तार सुमारे ६५ हर्ट्झची. पांढरी तीनसाठी वादकाला सगळ्यात वरच्या तारेवर बरंच पुढे सरकावं लागतं, आणि त्या ताणातून जो आवाज निघतो तो पोटतिडकीने बोलणाऱ्या माणसाचा असतो. सूर एक, पण बोलणारी माणसं तीन. नाटकात बाप मुलीला जे सांगतो ते वाक्य तुम्ही कुणाच्या तोंडी द्याल? ऑर्केस्ट्रा लिहिणं म्हणजे मुख्यतः हीच पात्रयोजना. एन्सेम्बल पॅचमध्ये ती लायब्ररी बनवणाऱ्याने आधीच करून टाकलेली असते. त्याने ठरवलं असेल की त्या कळीवर व्हायोलिन आणि व्हायोला मिसळून वाजतील, तर तुमच्या प्रत्येक नाटकातला प्रत्येक बाप त्याच मिसळीत बोलणार.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो आपल्या संगीताचा आहे.

आपलं संगीत ओळीचं आहे. अभंग असो, नाट्यपद असो की भावगीत, एक सूर दुसऱ्याकडे जातो तेव्हा गाणं होतं. गायक श्वास घेतो तेवढ्यात साथीदार भरणा करतो आणि पुढच्या ओळीच्या दारापर्यंत आणून सोडतो. व्हायोलिन आपल्याकडे गातं. ‘गाणारं व्हायोलिन’ म्हटलं की प्रभाकर जोगांचं नाव का निघतं, हे या वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या सिनेसंगीताने युरोपीय तंतुवाद्यांचा ताफा घेतला, तोही याच वळणाने वापरला. सबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारखे गोव्याहून आलेले अरेंजर आणि वादक पाश्चात्त्य नोटेशन शिकलेले होते. संगीतकाराने पेटीवर सांगितलेल्या चालीभोवती त्यांनी व्हायोलिनांच्या, चेलोंच्या ओळी कागदावर लिहिल्या. ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत माणसं त्या कागदांवरून वाजवत. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना सोबत घेऊन भारतीय रागांवर आधारलेला सिंफनीचा प्रयोग मुंबईत केला. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात जे नाव आपण लहानपणापासून ऐकलं, ते या गुरूचं.

त्या गाण्यांतल्या तंतुवाद्यांचं काम आठवून पाहा. दोन कडव्यांमधे व्हायोलिनं एकमुखाने एक वाक्य बोलतात. गायिका ‘सा’वर थांबते तेव्हा खालून चेलो हलतो. ती पुन्हा सुरू झाली की व्हायोलिनं बाजूला होऊन एखादा लांब सूर धरून उभी राहतात. सगळे एकदम कधीच बोलत नाहीत. आपल्या भेंड्यांच्या मैफलीत लोक गाण्याबरोबर मधला म्युझिक पीससुद्धा ‘टँ टँ टँ’ करून म्हणतात, ते उगाच नाही. ती ओळ म्हणता येते, कारण ती ओळ म्हणून लिहिलेली असते. एन्सेम्बलवर धरलेला चार बोटांचा कॉर्ड आजवर कुणी गुणगुणलेला मी ऐकलेला नाही.

एन्सेम्बल पॅच आपल्या हाताला नेमकं उलटं शिकवतो. हाताचा पंजा कॉर्डच्या आकारात बसतो आणि तसाच सरकतो. सगळे सूर एकदम सुरू होतात आणि एकदम सुटतात. मॉडव्हील फिरवलं की पाचही गट एकाच वेळी फुगतात आणि एकाच वेळी बसतात. व्हायोलिनं मंदावत असताना चेलो वर येणं, ही ऑर्केस्ट्रातली अगदी साधी हालचाल, पण ती तिथे शक्यच नाही. एका सुरातून दुसऱ्यात जाण्याचा प्रवासही बहुतेक एन्सेम्बलमध्ये नसतो. २००० नंतर व्हिएन्नातल्या एका कंपनीने दोन सुरांमधला तो प्रवासच ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली, आणि सॅम्पलची तंतुवाद्यं पहिल्यांदा खरोखर गाऊ लागली. याला लेगाटो म्हणतात. हा लेगाटो मुळात एका वेळी एकाच सुरासाठी असतो. म्हणजे तो ओळीसाठी असतो.

मींड घ्यायची असेल तर फरक आणखी उघड होतो. सॅम्पलमधून खरी मींड येत नाही, हे कबूल. पण एकाच ओळीवर पिचबेंड चालवून कोमल गांधार थोडा उतरता, थोडा झुलता ठेवता येतो. एन्सेम्बलवर कॉर्ड धरून तेच करा. चारही सूर एकदम घसरतात आणि गाडी खड्ड्यात गेल्यासारखं होतं. म्हणून लोक पिचबेंडला हात लावत नाहीत. मग आपल्या यमनात आणि भैरवीत तंतुवाद्यं पियानोच्या खुंट्यांवर टांगल्यासारखी ताठ उभी राहतात.

हे फक्त आपल्याच संगीताला लागू आहे असं नाही. चायकोव्हस्कीच्या १८९३ च्या सहाव्या सिंफनीतला शेवटचा भाग ज्या सुरावटीने सुरू होतो, ती त्या क्षणी कुठलंही एक वाद्य वाजवत नसतं. तिचा एक सूर पहिल्या व्हायोलिनांकडे, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांकडे, असा वाटून दिलेला आहे. दोन्ही गटांचे कागद वेगवेगळे पाहिले तर हाती नुसत्या तुटक उड्या येतात. आपल्याला ऐकू येणारी चाल त्या दोघांच्या मधे कुठेतरी तयार होते. दुसरी व्हायोलिनं मंचाच्या उजव्या हाताला बसवली, तर ते दुःख सभागृहात डावीकडून उजवीकडे थरथरत जातं. एन्सेम्बलवर हे वाजवाल तर सरळ एक सुरावट आणि खाली कॉर्ड. सूर सगळे बरोबर, आणि जे लिहिलं होतं ते नाहीसं. ‘सायको’ या १९६० च्या चित्रपटाचं संगीत बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यांवर केलं. न्हाणीघरातल्या त्या प्रसंगात व्हायोलिनं वरून सुरू होतात आणि एकेक गट खाली खाली येऊन त्यांच्यावर आदळतो. भीती त्या एकामागून एक येण्यात आहे. सगळे एकदम आले असते तर तो फक्त मोठा आवाज झाला असता.

आता आक्षेपांकडे.

पहिला आक्षेप पैशांचा. तो आता उरलेला नाही. लंडनच्या स्पिटफायर ऑडिओने बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची लायब्ररी २०१९ मध्ये काढली. तिची ‘डिस्कव्हर’ ही छोटी आवृत्ती फुकट मिळते, आणि तिच्यात पहिली व्हायोलिनं, दुसरी व्हायोलिनं, व्हायोला, चेलो आणि बास वेगवेगळे आहेत. साध्या लॅपटॉपवर ती चालते. तिच्यात लेगाटो नाही, आवाजाच्या छटा मोजक्या आहेत. पण ओळी लिहायला शिकण्यासाठी ती पुरेशी आहे. महागड्या एन्सेम्बलवर पैसे घालण्याआधी सहा महिने या फुकटच्या पाच गटांवर काढा, असं मी म्हणेन. मग पैसे कशावर घालायचे ते तुमचं तुम्हालाच कळेल.

दुसरा आक्षेप वेळेचा. ‘रात्री दहानंतर दोन तास मिळतात. पाच ट्रॅक कोण वाजवणार?’ पाच वाजवा असं म्हणतंय कोण? पाच गट हाताशी असले म्हणून पाचांनी सतत वाजलंच पाहिजे असा नियम नाही. एकांकिकेतल्या अर्ध्या मिनिटाला बहुतेक वेळा दोन ओळी पुरतात, एक व्हायोलिनची आणि एक चेलोची. दोन ओळी एकेक करून वाजवायला अर्ध्या मिनिटाचे दोनच फेरे लागतात. खरा वेळ जातो तो काय वाजवायचं हे ठरवण्यात. एन्सेम्बल तो वेळ वाचवतो हे खरं, कारण तो विचारच करू देत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जास्त खटकतो: ‘आपल्या प्रेक्षकांना काय कळतंय?’ हे वाक्य मी मंडळांच्या तालमीत इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मी चहा घ्यायला बाहेर जातो. प्रेक्षकाला व्हायोलाचं नाव माहीत नसेल. पण लताबाईंच्या गाण्यातला चेलो कुठे हलतो हे त्याच्या कानाला पन्नास वर्षं माहीत आहे. त्याने ऐकलेलं संगीत डझनावारी माणसांनी कागदावरून वाजवलेलं होतं. नाव माहीत नसणं म्हणजे न कळणं, असं मानून आपण त्याला तुकतुकीत प्लास्टिकचं फूल देतो, आणि वर म्हणतो की त्याला वास येत नाही.

चौथ्या आक्षेपात दम आहे. एकाच सभागृहात सगळे एकत्र बसून वाजवतात तेव्हा आवाज एकमेकांत मिसळतात. एन्सेम्बलमध्ये तो मिलाफ आयता येतो आणि वेगवेगळे गट एकत्र ठेवले तर तो जुळवावा लागतो. खरं आहे. वेगवेगळ्या कंपन्यांची व्हायोलिनं आणि चेलो एकत्र केले तर एक जण हॉलमध्ये आणि एक जण कपाटात बसल्यासारखा आवाज येतो. उपाय साधा आहे: पाचही गट एकाच लायब्ररीचे घ्या. चांगल्या लायब्रऱ्यांत प्रत्येक गट एकाच हॉलमध्ये, त्याच्या नेहमीच्या जागी बसवून मुद्रित केलेला असतो. त्यामुळे डावं-उजवं, जवळ-लांब हे आपोआप जुळतं. आणि गाण्यामागे साठ वादकांची फौज नको असेल तर चेंबर आकाराचे गट घ्या. त्यांत एकेका गटात तीन-चारच माणसं असतात. एका गायकामागे तीन-चार माणसांचं व्हायोलिन जितकं शोभतं तितकं सोळा जणांचं शोभत नाही.

एन्सेम्बल फेकून द्या असं मी म्हणत नाही. चाल सुचत असताना पटकन कच्चा आराखडा करायला तो उत्तम आहे. मंचावर एकटा कीबोर्डवाला बसणार असेल तर दुसरा इलाज नाही. सगळा ताफा अष्टकांत एकच ओळ गरजणार असेल, किंवा संवादाखाली नुसता थरथरता पडदा हवा असेल, तर खुशाल वापरा. माझी तक्रार कच्चा आराखडा पक्का म्हणून पुढे पाठवण्याबद्दल आहे.

सेक्शन्स विकत घेतल्याने कोणी शहाणा होत नाही, हेही सांगून टाकतो. तोच चार बोटांचा कॉर्ड कॉपी करून पाच ट्रॅकवर चिकटवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी एन्सेम्बलच बनवला, फक्त जास्त खर्चाने.

आता जे मला खरोखर महत्त्वाचं वाटतं ते. आपल्यातले बरेच जण अमेरिकेत, कॅनडात, इंग्लंडात राहतात. इथल्या कितीतरी शाळांत ऑर्केस्ट्रा असतो आणि आपली मुलं त्यात वाजवतात. चौथी-पाचवीत व्हायोलिन हातात येतं, कुणी हौसेने चेलो घेतं, आणि कुणाला शिक्षक व्हायोला देतात कारण व्हायोला वाजवायला कोणीच नसतं. संध्याकाळी घराघरांतून ते घासणं ऐकू येतं. वर बाबा दार लावून कीबोर्डवर ‘स्ट्रिंग्ज’ वाजवत असतो, खाली मुलगी व्हायोलाचा सराव करत असते, आणि दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आमच्या भागातल्या एका दिवाळीच्या कार्यक्रमात हे अगदी उघडं पडलं. एका भावगीताचा ट्रॅक तयार होता. चेलो शिकणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीने विचारलं, ‘काका, मी यात वाजवू का? माझा पार्ट द्याल?’ ट्रॅक करणाऱ्या काकांनी फाइल उघडली. त्यात ‘स्ट्रिंग्ज’ नावाचा एकच ट्रॅक होता आणि त्यात एकावर एक रचलेले चौकोन. त्यातलं चेलोचं काय, हे काकांना सांगता येईना, कारण चेलोचं असं त्यात काही नव्हतंच. मुलगी ‘ओके’ म्हणाली आणि जाऊन बसली. दोषी कोणी नव्हतं. पण त्या फाइलमध्ये चेलोची एक ओळ असती, तर ती छापून तिच्या हातात देता आली असती. एका मराठी गाण्यात तिला जागा मिळाली असती, आणि तीसुद्धा तिला येणाऱ्या भाषेत. या मुलांना ‘मराठी कार्यक्रमात भाग घ्या’ म्हणून आपण किती विनवतो! त्यांना जे येतं त्यासाठी जागा मात्र ठेवत नाही.

सेक्शन्समध्ये लिहिण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच. चेलोच्या ट्रॅकमधून चेलोचा कागद निघतो. सॅम्पल हा आज नसलेल्या माणसाचा बदली कलाकार आहे. माणूस आला की त्याने उठून जागा द्यावी. एन्सेम्बलला कुणासाठी उठता येत नाही, कारण तो कुणाच्याच जागेवर बसलेला नसतो.

तर करायचं काय? तुमचा एखादा जुना ट्रॅक उघडा, ज्यात तुम्ही स्ट्रिंग्ज धरून ठेवल्या आहेत. त्यातली आठ मात्रांची एखादी जागा घ्या आणि तो कॉर्ड पुसून टाका. आता फक्त दोन गट घ्या, पहिली व्हायोलिनं आणि चेलो. गायकाची ओळ चालू असेल तेव्हा त्यांना एका सुरावर थांबवा आणि गायक थांबला की दोघांपैकी एकालाच हलवा. व्हायोलिन वर जात असेल तर चेलोला खाली जाऊन बघू द्या. प्रत्येक ओळ वाजवण्याआधी तोंडाने म्हणून पाहा. म्हणताना कंटाळा आला तर ती ओळ वाईट आहे, आणि श्वास पुरला नाही तर गजही पुरणार नाही. मॉडव्हील प्रत्येक ओळीसाठी वेगळं फिरवा, एकाची कॉपी दुसऱ्यावर नको. हे जमल्यावर व्हायोला घ्या आणि त्याला त्या दोघांमधल्या रिकाम्या जागेत एखादं छोटं, आपलं असं काम द्या. दुसरी व्हायोलिनं आणि बास सर्वांत शेवटी. बऱ्याचदा तिथवर जायची गरजच पडत नाही.

ऐकायला ते आधी पातळ वाटेल. इतकी वर्षं नव्वद व्हायोलिनं ऐकलेल्या कानाला तसं वाटणारच. दोन दिवस तो ट्रॅक न ऐकता ठेवा आणि मग जुना आणि नवा, दोन्ही घरातल्या अशा माणसाला ऐकवा ज्याला यातलं काही सांगितलेलं नाही. नंतर तो स्वयंपाकघरात काम करताना काय गुणगुणतो तेवढं ऐका.

आणि पुढच्या कार्यक्रमाचा ट्रॅक मंडळाला पाठवाल तेव्हा फाइलबरोबर त्या ओळींचे कागदही जोडा. चेलोचा एक, व्हायोलाचा एक, व्हायोलिनचे दोन. तालमीला येणाऱ्या मुलांपैकी कुणाच्या खांद्याला कसली पेटी लटकते आहे, हे आपण आजवर कधी विचारलेलंच नाही. या वेळी विचारा.